मुरूडहून साताऱ्यास : ध्येयप्रेरणेविषयी एक पाठ

वरच्या इयत्तांतील मुलांस ‘पुढे कोण होणार?’ असे विचारण्याची प्रथा आपल्या शाळांत फार जुनी आहे. मुले कलेक्टर, डॉक्टर, फौजदार अशी उत्तरे देतात. शिक्षक संतोष मानतात. आणि दुसऱ्या दिवशी गृहपाठाच्या वह्या पूर्वीसारख्याच कोऱ्या येतात. यात मुलांचा दोष नाही. ध्येयाचे नाव सांगता येणे ही एक गोष्ट आणि त्या दिशेने चालण्याची ओढ मनात उपजणे ही अगदी निराळी गोष्ट होय. ही ओढ कोठून येते व ती कशी टिकते, याचा विचार महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्राच्या आधारे करणे प्राथमिक शिक्षकांस उपयुक्त ठरेल. कारण त्या चरित्राच्या मुळाशी खेड्यातील एक मराठी शाळा आहे.

कर्व्यांचे नाव निघाले की १९१६ सालचे महिला विद्यापीठ आणि १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, मिळालेले भारतरत्न आठवते. वर्गात बहुधा इतकेच सांगितले जाते, आणि ते ऐकून मूल मनातल्या मनात म्हणते, ‘ते थोर होते, आपण नाही.’ म्हणून पाठाचा आरंभ शेवटापासून करू नये. तो मुरूडपासून करावा. (हे मुरूड रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळचे होय, जंजिऱ्याचे नव्हे. नकाशा दाखविताना येथे पुष्कळदा चूक होते.)

१८५८ साली जन्मलेला हा मुलगा गरीब घरचा व विलक्षण लाजाळू होता. गावच्या शाळेत त्यास सोमण गुरुजी लाभले. गुरुजींनी त्यास ‘मोठा हो’ असा उपदेश केला किंवा नाही, यास फारसे महत्त्व नाही. महत्त्वाचे आहे ते हे की, गावच्या देवळात लोकांस वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचे काम या मुलाच्या वाट्यास आले. चार माणसांत तोंड उघडण्यास भिणाऱ्या मुलास चार माणसांच्या उपयोगाचे काम मिळाले, ते त्याच्या हातून पार पडले, आणि आपल्या हातून काही होऊ शकते ही जाणीव त्यास प्रथम झाली. पुष्कळांच्या प्रेरणेचे मूळ अशाच लहानशा जाणिवेत असते. व्याख्यानाने उत्साह येतो खरा, परंतु तो सायंकाळपर्यंत टिकतो.

पुढे मराठी सहावीच्या परीक्षेचा प्रसंग आला. ती उत्तीर्ण झाल्यास नोकरीचा मार्ग खुला होत असे. १८७५ सालच्या पावसाळ्यात हा सतरा वर्षांचा मुलगा सोबत्यांसह मुरूडहून साताऱ्यास पायी निघाला. वाट शंभर मैलांहून अधिक. मध्ये कुंभार्लीचा घाट, वरून पाऊस. एवढे चालून साताऱ्यास पोहोचल्यावर परीक्षकांनी त्याच्याकडे पाहिले आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून त्यास परीक्षेस बसू दिले नाही! किरकोळ शरीरयष्टी एवढाच त्याचा अपराध.

शिक्षकाने येथे थांबावे आणि मुलांस विचारावे : आता याने काय करावे? उत्तरे येऊ द्यावीत, घाई करू नये. कोणी म्हणेल, घरी जावे. कोणी म्हणेल, भांडावे. मगच पुढील हकीगत सांगावी. कर्वे परत गेले आणि पुढल्या वर्षी कोल्हापूर केंद्रावर तीच परीक्षा उत्तीर्ण झाले. मॅट्रिक होईपर्यंत १८८१ साल उजाडले. तेव्हा त्यांचे वय तेवीस होते. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते बी. ए. झाले.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, ज्या कार्यामुळे ते महर्षी ठरले, ते त्या वेळी त्यांच्या स्वप्नातही नसावे. विधवांच्या दुःखाचा प्रश्न त्यांच्यापुढे हळूहळू, जवळच्या माणसांच्या रूपाने आला. १८९१ साली त्यांची प्रथम पत्नी वारली. १८९३ साली त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला, आणि ज्या मुरूडवर त्यांचा जीव होता त्याच मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९६ साली, अनाथ बालिकाश्रम निघाला. १९०० साली आश्रम हिंगण्यास गेला, तेव्हा फर्ग्युसन महाविद्यालयात दिवसभर गणित शिकवून कर्वे सायंकाळी चिखल तुडवीत आश्रमाकडे पायी जात. साताऱ्याच्या वाटेवरचेच पाय ते!

सतराव्या वर्षी आयुष्याचे ध्येय ठाऊक नसले तरी चालते. पुढचे पाऊल मात्र ठाऊक असावे लागते. आपल्या मुलांपुढे आपण नेमके उलटे करतो. ध्येय मोठे टांगून ठेवतो आणि पाऊल दाखवीत नाही.

याचा प्रत्यय नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेच्या निकालाच्या दिवशी येतो. पाचवीतील मुले वर्षभर तयारी करतात. विद्यालयातील जागा साधारणतः ८०. आणि ही परीक्षा पुन्हा देता येत नाही. निवड न झालेले मूल त्या दिवशी शाळेत येते ते मान खाली घालून. दहा-अकरा वर्षांच्या जीवाने स्वतःविषयी कायमचे मत बनवून टाकण्याचा हा दिवस असतो. त्याच दिवशी यादीतील मुलांचाच तेवढा सत्कार करून शाळा मोकळी झाली, तर उरलेल्यांस साताऱ्याहून परत पाठविल्यासारखे होते. फरक इतकाच की, कोल्हापूरचा रस्ता त्यांस कोणी सांगितलेला नसतो. तो रस्ता असतो. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते. तीत निवड होणाऱ्यास नववी ते बारावी वार्षिक १२,००० रुपये मिळतात. पण आठवी तीन वर्षे दूर आहे, आणि मुलास तीन वर्षांचा धीर नसतो. त्यास या महिन्याचे काम हवे : अपूर्णांकांचा कच्चा राहिलेला भाग, किंवा परिपाठाच्या वेळी बातम्या वाचण्याची पाळी. तीही हुशार म्हणून नावाजलेल्या मुलाकडे न देता मागच्या रांगेतील मुलाकडे द्यावी. पहिल्या दिवशी तो अडखळेल. तरी आठवडाभर पाळी बदलू नये.

हा पाठ घेताना महाराष्ट्राचा नकाशा भिंतीवर असावा. मुरूड, कुंभार्ली घाट, सातारा व कोल्हापूर ही स्थळे मुलांकडूनच शोधून घ्यावीत. शंभर मैल म्हणजे सुमारे १६० किलोमीटर. आपल्या गावापासून तेवढ्या अंतरावर कोणते गाव येते आणि रोज वीस किलोमीटर चालल्यास तेथे किती दिवसांत पोहोचता येईल, याचे गणित वहीत सोडवून घ्यावे. त्याखालीच प्रत्येकाने येत्या महिनाअखेरीपर्यंत पुरे करावयाचे एकच काम एका ओळीत लिहावे. शिक्षकानेही फळ्याच्या कोपऱ्यात स्वतःचे एक काम लिहावे आणि महिना संपेपर्यंत ते पुसू देऊ नये.