कामाच्या जागची हिंसा : आधी ओळखा, आधी ठरवा

सकाळी डबा घेऊन कामाला गेलेले माणूस संध्याकाळी सुखरूप घरी यावे, एवढीच घरच्यांची साधी अपेक्षा असते. आपल्या वस्तीतील मुले-मुली आज शिकून नोकरीला लागली आहेत. कुणी आयटी कंपनीत आहे, कुणी सुरक्षारक्षक आहे, कुणी दवाखान्यात, तर कुणी दुकानात आहे. अपघात आणि आग यांची काळजी कशी घ्यावी हे त्यांना कामावर शिकवले जाते. परंतु माणसाने माणसावर हात उगारला तर काय करायचे, हे सहसा कुणी शिकवत नाही. प्रस्तुत लेखात याच विषयाचा विचार करू.

१. कामाच्या जागची हिंसा म्हणजे काय?

हिंसा म्हणजे केवळ मारहाण नव्हे. धमकी, पाठलाग, शिवीगाळ, लैंगिक छळ हीदेखील हिंसाच होय. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ साली या विषयावर १९० क्रमांकाचा करार संमत केला. त्यात कामावर जाण्या-येण्याचा प्रवासही धरलेला आहे. तो का धरावा लागतो, हे आपल्या खराडीला वेगळे सांगायला नको.

२. दोन घटना

७ ऑक्टोबर २००९ ची संध्याकाळ. खराडीतील एका कंपनीत काम करणारी २८ वर्षांची अभियंता घरी जाण्यासाठी खराडी बायपासजवळ वाहनाची वाट पाहत होती. एका मोटारचालकाने तिला गाडीत घेतले. पुढे तिच्यावर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. तिचा मृतदेह खेड तालुक्यात सापडला. मे २०१७ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. कचेरीचे दार ओलांडले की जबाबदारी संपली, असे मानणे किती चुकीचे आहे, हे या घटनेने दाखवले.

दुसरी घटना आपल्याजवळच्याच येरवड्यातील. ७ जानेवारी २०२५ रोजी संध्याकाळी एका कंपनीच्या वाहनतळावर एका तरुणीवर तिच्याच सहकाऱ्याने धारदार शस्त्राने हल्ला केला. पैशांच्या देण्या-घेण्याचा वाद होता, असे पोलिसांनी सांगितले. भोवती बरीच माणसे उभी होती. त्याने शस्त्र टाकून दिल्यावर ती पुढे सरसावली. घाव हातावर होता, पण ती तरुणी वाचली नाही.

त्या बघ्यांना भित्रे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. शस्त्र घेतलेल्या माणसावर रिकाम्या हाताने धावून जा, असे मीही कुणाला सांगणार नाही. परंतु दुरून करण्यासारखेही बरेच असते, आणि ते आधी ठरलेले नसेल तर ऐनवेळी सुचत नाही.

३. माझा अनुभव

हे मी स्वतःवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका शाखेत काउंटरवर होतो. चेक परत गेला म्हणून एक ग्राहक तीन दिवस रोज येऊन भांडत होता. तिसऱ्या दिवशी जाताना तो म्हणाला, "उद्या बघून घेतो एकेकाला." आम्ही हसण्यावारी नेले. चौथ्या दिवशी त्याने पेपरवेट भिरकावला. तो मला न लागता मागे उभ्या असलेल्या आमच्या शिपाईमामांच्या कपाळावर बसला. चार टाके पडले. धोक्याची घंटा माझ्या पायाजवळच होती. पण ती दरोडेखोरांसाठी असते, हेच डोक्यात पक्के बसलेले. मी हातातले नोटांचे बंडल धरून तसाच उभा राहिलो.

नंतर लक्षात आले की ती धमकी आम्ही पाच जणांनी ऐकली होती आणि साहेबांना एकानेही सांगितली नव्हती. मामा मला कधी काही बोलले नाहीत. ती खूण मात्र मला रोज दिसत असे.

४. आधी दिसणारी लक्षणे

पुष्कळदा हिंसा सांगून येते. उघड धमकी, एखाद्याच्या मागे लागणे, वारंवार पैशांवरून तगादा, किरकोळ कारणावरून वस्तू आपटणे आणि मनात धरलेला डूख, या गोष्टींकडे दुर्लक्ष करू नये. १९७३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात एका परिचारिकेवर तिथल्याच कर्मचाऱ्याने हल्ला केला. तिने त्याला कामावरून रागावले होते, त्याचा त्याने डूख धरला. ती त्यानंतर ४२ वर्षे अंथरुणाला खिळून राहिली आणि २०१५ साली वारली.

५. आपण काय करावे?

(अ) धमकी ऐकली की तारीख, वेळ आणि नेमके शब्द लिहून ठेवावेत. त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवून पोच घ्यावी.
(आ) वाद असलेल्या व्यक्तीला वाहनतळावर, जिन्यात किंवा एकांतात एकट्याने भेटू नये.
(इ) घंटा कुठे आहे, बाहेर पडायचा दुसरा रस्ता कोणता, फोन कोणी करायचा, हे कामावर सर्वांनी मिळून ठरवावे. वर्षातून दोनदा त्याची उजळणी करावी.
(ई) हल्ला झाल्यास अंतर राखून सर्वांनी एकदम ओरडावे, घंटा वाजवावी, ११२ वर पोलिसांना आणि १०८ वर रुग्णवाहिकेला बोलवावे. चित्रण करीत उभे राहू नये.
(उ) हल्लेखोर दूर होताच जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि मदत येईपर्यंत सोडू नये. फार रक्त गेल्याने माणूस काही मिनिटांतच दगावू शकतो.

६. कायदा काय सांगतो?

राजस्थानातील एका ग्रामीण कार्यकर्तीवरील अत्याचारानंतर १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा निकाल दिला. त्यातूनच पुढे २०१३ चा कायदा आला. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान ठिकाणच्या महिलांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर महिलेला कामावर ठेवायचे तर तिची संमती लागते आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवण्याची सोय मालकाने करावी लागते. लोकांसमक्ष जातीवरून अपमान झाल्यास १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. "जाऊ दे, नोकरी जाईल" म्हणून गप्प बसणाऱ्याच्या मदतीला कायदा आपणहून धावत येत नाही. त्यासाठी कागद लागतो.

७. समारोप

ज्याला धमकी मिळते तो बहुधा एकटा असतो. ती ऐकणारे मात्र अनेक असतात. म्हणून पहिली जबाबदारी ऐकणाऱ्याची आहे. त्या दिवशी मी साहेबांच्या केबिनपर्यंत दहा पावले चाललो असतो, तर मामांच्या कपाळावर टाके पडले नसते. विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुम्ही नोकरीला लागाल. ती दहा पावले चालायला विसरू नका.

चर्चेसाठी प्रश्न
१. तुमच्या किंवा पालकांच्या कामाच्या जागी धोक्याची घंटा कोठे आहे?
२. मैत्रिणीला सहकारी धमकावतो, पण ती "कुणाला सांगू नकोस" म्हणते. तुम्ही काय कराल?
३. रात्री उशिरा सुटणाऱ्या आपल्या वस्तीतील मुलींसाठी आपण काय सोय करू शकतो?