वारुळावरील अळंबी : ओळख व दक्षता

नांदेड जिल्ह्याच्या किनवट व माहूर तालुक्यांत सागाचे जंगल आहे. पावसाने जमीन चांगली भिजून नंतर उकाडा झाला, म्हणजे तेथील वारुळांभोवती अळंबी उगवते. पूर्व विदर्भात हिलाच सात्या म्हणतात. ही अळंबी रुचकर व पौष्टिक आहे. तथापि तिच्यासारखी दिसणारी काही भूछत्रे प्राणघातक असतात. म्हणून ओळखीत यत्किंचितही शंका राहिल्यास ती खाऊ नये, हा पहिला नियम होय.

उत्पत्ती
वाळवी पालापाचोळा व लाकूड भूमीखाली नेऊन त्यावर बुरशीची बाग वाढविते. पावसानंतर त्या बागेतून अळंबी वर येते. वारूळ फोडल्यास ही बागच नष्ट होते. म्हणून अळंबी काढताना वारूळ राखावे व काही छत्र्या तशाच सोडाव्यात.

ओळखीच्या खुणा
पुढील सर्व खुणा एकत्र जुळल्या पाहिजेत :

१. छत्रीच्या मधोमध टोकदार उंचवटा असतो.
२. देठ उपटू नये. हलक्या हाताने माती उकरून पाहावे. तो मुळासारखा निमुळता होत खोल वाळवीच्या बागेपर्यंत जातो.
३. देठाच्या बुडाशी वाटीसारखे आवरण नसते. असे आवरण हे अत्यंत विषारी जातीचे लक्षण आहे. देठ उपटल्यास ते मातीतच राहते व फसगत होते.
४. उमललेली छत्री कागदावर पालथी घालून रात्रभर भांड्याखाली झाकावी. सकाळी फिकट गुलाबी भुकटी पडलेली दिसते. हिरवट, पांढरी, तपकिरी वा काळी भुकटी पडल्यास अळंबी टाकून द्यावी.

लातूर जिल्ह्यात जंगल अत्यल्प आहे. तेथे गायरानात, बांधावर व गवतात उगवणाऱ्या मोठ्या पांढऱ्या छत्र्यांपासून विशेष सावध राहावे. त्यांपैकी हिरवट भुकटीची जात विषारी आहे.

केवळ हा लेख वाचून अळंबी खाऊ नये. गावातील अनुभवी माणसाकडून प्रत्येक छत्री तपासून घ्यावी.

खोट्या कसोट्या
चांदीचे नाणे वा लसूण काळा पडला नाही, किंवा किड्यांनी अळंबी खाल्ली आहे, यावरून ती निर्विष ठरत नाही. प्राणघातक जातीचे विष शिजविल्याने वा वाळविल्यानेही जात नाही.

विषबाधा झाल्यास
काही जातींमुळे एक ते तीन तासांत वांत्या सुरू होतात. सहा तासांनंतर सुरू होणारा त्रास अधिक धोक्याचा असतो. त्यात मध्यंतरी रोग्यास बरे वाटते. परंतु आत यकृताचा नाश चालू असतो. घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उरलेली अळंबी सोबत न्यावी. ज्यांनी ती खाल्ली, त्या सर्वांना रुग्णालयात न्यावे.

सुरक्षित पर्याय
धिंगरी अळंबी सोयाबीनच्या वा गव्हाच्या काडावर घरीच घेता येते. सोयाबीनचे काड लातूर भागात विपुल आहे. त्यासाठी नजीकच्या कृषि विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वीच ही माहिती प्रत्येक वाडी-तांड्यावर सांगावी.