एका पंगतीचे तळण

आमचा वर्ग शिरोळात भरतो. दिवसभर कोणी उसात असते, कोणी डेअरीला दूध घालते, कोणी शिलाईच्या मशीनवर बसते. रात्री आठ वाजले की आम्ही फळ्यापुढे जमतो. आम्ही तीस जण आहोत. सगळ्यात धाकटी पंचवीस वर्षांची आणि सगळ्यात थोरली सत्तरीची आजी.

सव्वीस जानेवारीला वर्गाला वर्ष पुरे होणार होते. त्या दिवशी एक जेवण करायचे ठरले. प्रत्येकाने घरचे एक माणूस बरोबर आणायचे. म्हणजे पाने झाली साठ. माणशी वर्गणी पन्नास रुपये. म्हणजे रुपये झाले तीन हजार. इथपर्यंत कोणाचे भांडण नव्हते.

भांडण लागले ते तळणावरून.

कोणाला काय हवे

आपल्याकडे कढई चढल्याशिवाय जेवणाला जेवण म्हणत नाहीत. भात-आमटी रोजचीच. तळलेले काही पानात पडले की माणसाला वाटते, आज काही तरी आहे.

तात्या म्हणाले, "कांदाभजी करूया. सोपं काम. पीठ कालवलं की सोडलं."

आक्का म्हणाल्या, "भज्यांनी काय हुतंय? बटाटेवडं करा. एक खाल्ला तरी पोट भरतंय."

मागून एक जण ओरडला, "आणि जिलबी? सव्वीस जानेवारीला जिलबी न्हाई म्हणजे काय?"

त्याचेही खरे होते. कोल्हापूर भागात पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाले की लोक जिलबी घेऊनच घरी जातात. दुकानापुढे मांडव घालून जिलबी तळतात. हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे.

कोणी पुऱ्या सुचवल्या. कोणी मिरचीभजी सुचवली. गुरुजींनी सगळी नावे फळ्यावर लिहायला सांगितली. आक्कांनी खडू घेतला. एक वर्षापूर्वी त्यांना सही येत नव्हती. आता त्यांनी एकाखाली एक पाच नावे लिहिली. 'जिलबी' लिहिताना वेलांटी चुकली, ती त्यांनी आपली आपणच पुसली.

फळ्याकडे पाहून गुरुजी म्हणाले, "पाच पदार्थ, पाचही तळलेले. एका पानात किती मावतील?"

सगळे हसले. मग ठरले, की तळण एकच करायचे, पण ते चांगले करायचे.

आजी काय म्हणाल्या

हात वर करून मते घेतली. बटाटेवड्याला सोळा मते पडली. आक्का खूश झाल्या. इतक्यात एकीचे लक्ष आजींकडे गेले. आजींनी कशालाच हात वर केला नव्हता.

"आजी, तुमचं मत?"

"माझं काय बाई. तुम्ही करा काय ते. मी दहीभात खाईन."

आजी जैन आहेत. आपल्या शिरोळ तालुक्यात जैन शेतकरी पुष्कळ. त्यांच्यात कांदा, लसूण, बटाटा, आले अशी जमिनीखालची कंदमुळे बरेच जण खात नाहीत. दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. शेजारी राहून ठाऊक नसेल कसे? पण जेवण ठरवताना ते कोणाच्या ध्यानात आले नाही. आजींनी असे किती समारंभांत दहीभात खाल्ला असेल, हे त्या रात्री आमच्या मनात आले आणि आम्ही गप्प झालो.

तात्यांनी थोडी ओढून धरली. "एका माणसासाठी साठ जणांनी कांदा सोडायचा काय?"

त्यावर आक्काच म्हणाल्या, "तात्या, आषाढात कांदेनवमी करून चार महिने कांदा आपणबी सोडत हुतो की. आपल्या घरात आई-बा पाळतच हुती. एका जेवणानं काय बिघडतंय?"

पुराच्या दिवसांची आठवणही निघाली. कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम आपल्या तालुक्यात, नृसिंहवाडीला आहे. २००५, २०१९ आणि २०२१ साली पाणी आले, तेव्हा छावणीत जे पानात पडले ते सर्वांनी खाल्ले. ती वेळ तशी होती. पण आनंदाचे जेवण वेगळे. त्यात आधी विचारायचे आणि मग वाढायचे.

बटाटेवड्याची मते सोळा होती. ती आक्कांनी आपण होऊन मागे घेतली.

नवी वाट कोणी दाखवली

आता कांदा नाही, बटाटा नाही, तर करायचे काय? कोपऱ्यात बसलेली एक सून हळूच बोलली. तिचे माहेर कर्नाटकात, अथणीकडे आहे. आपला तालुका बेळगाव जिल्ह्याला लागून. मुली इकडून तिकडे आणि तिकडून इकडे येतात-जातात. पण वर्षभरात ही मुलगी वर्गात आपण होऊन बोलली नव्हती. आपले मराठी लोक हसतील, असे तिला वाटे.

ती म्हणाली, "आमच्यात उद्दिन वडे करतात. उडदाचं. त्यात कांदा लागत नाही."

"म्हंजे हॉटेलातला मेदूवडा की!" कोणी तरी म्हणाले.

"त्यो काय आपला पदार्थ न्हाई," तात्या म्हणाले.

इथे गुरुजींनी एक गोष्ट सांगितली. मिरची, बटाटा आणि भुईमूग ही तिन्ही पिके मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज लोक जहाजांतून आले, त्यानंतर ती आपल्याकडे रुजली. त्याच्या आधी आपल्या कोणाच्या कढईत बटाटेवडा नव्हता आणि मिरचीभजीही नव्हती. उडीद मात्र आपल्या देशातला फार जुना आहे.

तात्या हसले. "मग वडाच जुना आणि आपणच नवं!"

आजींना विचारले. त्या म्हणाल्या, "उडीद चालतोय की. पण मला दात कुठं हायेत?"

सून म्हणाली, "आजी, वडा गरम आमटीत बुडवून ठेवायचा. घटकाभरात मऊ होतो."

पुन्हा मते घेतली. या वेळी आजींचा हात वर होता.

आधी वाटीभर, मग साठ पानांचे

नुसते ठरवून भागत नाही. किती डाळ, किती तेल, हे काढावे लागते. पूर्वी आम्ही आचाऱ्याला विचारत होतो. तो सांगेल ती यादी, दुकानदार मांडेल तो हिशेब. कागद हातात असायचा, पण वाचता कोणाला येत होते?

या वेळी आम्ही असे केले. एका घरी एक वाटी डाळीचे वडे करून पाहिले. कढईत ओतण्याआधी तेल काट्यावर तोलले. ते ५०० ग्रॅम भरले. तळून झाल्यावर, निवल्यावर, गाळून पुन्हा तोलले. ते ४३० ग्रॅम भरले. वडे झाले बारा.

हिशेब फळ्यावर मांडला तो असा:

साठ माणसे, माणशी दोन वडे: १२० वडे.
एका वाटीचे १२ वडे, म्हणून डाळ: १० वाट्या.
१२ वड्यांनी प्यायलेले तेल: ७० ग्रॅम.
१२० वड्यांना लागणारे तेल: ७०० ग्रॅम.

म्हणजे एका वड्यात सुमारे सहा ग्रॅम तेल जाते. एक ग्रॅम तेलातून शरीराला नऊ कॅलरी मिळतात. तितक्याच पिठातून किंवा डाळीतून चारच्या आसपास. म्हणून तळण थोडके खाल्लेले बरे. आमच्यातल्या दोघांना साखरेचा आजार आहे. ते म्हणाले, "आम्हाला एकेक वडा पुरे."

जिलबीचाही हिशेब केला. साठ जणांना सहा किलो लागली असती. तीन हजारांतले जवळजवळ निम्मे पैसे त्यातच गेले असते. शिवाय तळणावर तळण झाले असते. म्हणून ठरले, की जिलबी सकाळी ज्याने त्याने आपापल्या घरी आणावी. जेवणात गोड म्हणून खपली गव्हाची खीर करावी. तिलाच आपण हुग्गीही म्हणतो. गहू आपल्या भागातला, गूळही आपला. बाकी भात, कांदा-लसणाशिवायची आमटी, मटारची उसळ आणि काकडीची कोशिंबीर. चपात्या घरून आणायच्या.

तेल पितो कसा आणि पीत नाही कसा

वडा कढईत सोडला की चुर्र आवाज होतो, बुडबुडे येतात. ते बुडबुडे तेलाचे नव्हेत. पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि ती जोराने बाहेर पडते. वाफ बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला वाट मिळत नाही.

तेल पुरते तापलेले नसेल तर वाफ जोर धरत नाही. वडा कढईत जास्त वेळ राहतो आणि तेल पितो. तेल फार तापले तर वरून करपतो, आत कच्चा राहतो. पिठाचा एक थेंब टाकून पाहावा. तो लगेच वर आला आणि काळा पडला नाही, तर तेल ठीक आहे.

वडा बाहेर काढल्यावर आतली वाफ निवते आणि वर लागलेले तेल आत ओढले जाते. म्हणून वडा झाऱ्यावर चांगला निथळू द्यावा. सोडा जास्त घालू नये. त्यानेही पदार्थ तेल जास्त पितो.

डाळ चार तास भिजवून कमी पाण्यात वाटावी. मग हाताने खूप फेसावी. वाटीतल्या पाण्यात पिठाचा थेंब टाकावा. तरंगला तर पीठ हलके झाले. मीठ शेवटी घालावे, नाही तर पाणी सुटते. आम्ही त्यात मिरे, जिरे, कढीपत्ता आणि खोबऱ्याचे तुकडे घातले. आले घातले नाही, कारण तेही कंदच. वड्याला मध्ये भोक पाडतात ते शोभेसाठी नव्हे, तर मधला भाग कच्चा राहू नये म्हणून.

कढईजवळ जपून

कढई निम्म्याच्या वर भरू नये. पोरे जवळ येऊ देऊ नयेत. पदर खोचावा आणि नायलॉनचे कापड नेसून कढईपुढे बसू नये. हात ओला करून वडा थापतात, पण पाण्याचा थेंब तेलात पडू देऊ नये.

तेलाने पेट घेतला तर पाणी कधीही ओतू नये. पाणी एकदम वाफ होऊन पेटते तेल चहूकडे उडवते. चूल बंद करावी आणि कढईवर मोठे झाकण सरकवावे. झाकण आधीच हाताशी ठेवावे.

तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की ते काळे होते, दाट होते, त्याला वास मारतो. असे तेल तब्येतीला वाईट. तेलातल्या अशा बिघडलेल्या भागाचे प्रमाण शेकडा २५ च्या वर गेले, तर ते खाण्याचे पदार्थ करायला वापरू नये, असा सरकारी नियम १ जुलै २०१८ पासून आहे. घरी मोजायचे यंत्र नसते. पण डोळे आणि नाक असते. उरलेले चांगले तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवावे. बिघडलेले तेल गटारात किंवा नदीत ओतू नये.

सव्वीस जानेवारी

जेवण रात्री ठेवले नाही. दुपारी चारला पहिली पंगत बसवली, साडेचारला दुसरी. म्हणजे दिवस मावळायच्या आत सर्वांचे जेवण झाले. दोन कढया होत्या. एकेकीत आठ वडे, म्हणजे एका घाण्याला सोळा. एका पंगतीला साठ वडे लागत होते, तेव्हा चार घाणे. ते आम्ही जेवण सुरू असतानाच काढले. त्यामुळे सगळ्यांना गरम मिळाले.

कढईपुढे अथणीची सून बसली होती. तात्या पीठ फेसून फेसून घामाघूम झाले. आजी पहिल्या पंगतीला बसल्या. त्यांच्या वाटीत वडा आधीच भिजत घातला होता. त्यांनी तो खाल्ला आणि वाढणाऱ्या मुलीला म्हणाल्या, "दुसरा आण की. माणशी दोन ठरल्यात न्हवं?"

दुसऱ्या दिवशी आक्कांनी हिशेब वाचून दाखवला. जमा तीन हजार, खर्च दोन हजार सातशे साठ, शिल्लक दोनशे चाळीस. वाचताना त्या दोनदा अडखळल्या. कोणी मध्ये बोलले नाही. त्यांचे त्यांनीच शब्द लावले. शिल्लक पैशांच्या वह्या आणायच्या ठरल्या.

सांगा पाहू

१. पहिल्या वेळी बटाटेवड्याला जास्त मते पडली होती. तरी तो का केला नाही?
२. तेल दोनदा का तोलले?
३. पेटत्या तेलावर पाणी का ओतू नये?
४. शंभर माणसांना माणशी दोन वडे करायचे आहेत. डाळ किती वाट्या आणि तेल किती ग्रॅम लागेल?

करून पाहा

तुमच्या गल्लीत किंवा गटात जेवण ठरेल, तेव्हा कोण काय खात नाही हे आधी प्रत्येकाला विचारा. ते एका कागदावर लिहा. मगच पदार्थांची यादी करा. यादी आपल्या हाताने लिहा.