आपल्या तोंडचे शब्द कोठून आले? सात प्रश्न व त्यांची उत्तरे



परतूरकडील मुले शिक्षणासाठी मोठ्या शहरी जातात तेव्हा त्यांच्या बोलीस पुष्कळदा हसतात. "तुमच्या मराठीत उर्दू फार," असे ऐकून काही मुले वर्गात तोंड उघडीनाशी होतात. निजामाचा अंमल आपल्या भागावरून १९४८ साली गेला, परंतु त्या काळचे शब्द राहिले, हे खरे आहे. पण ज्यांची मराठी शुद्ध म्हणून वाखाणली जाते त्यांच्या तोंडी परके शब्द नाहीत काय? ह्याचा विचार व्हावा म्हणून पुढील सात प्रश्न आम्ही देत आहोत. उपदेशकांनी सायंकाळच्या वर्गात प्रश्न आधी विचारावा, मुलांस उत्तर शोधू द्यावे, व मग येथील उत्तर वाचून दाखवावे.

प्रश्न १. 'जिल्हा' व 'तालुका' हे शब्द कोणत्या भाषेतील?

उत्तर. दोन्ही मूळचे अरबी असून फारसीच्या वाटेने आले. पहिल्याचा मूळ अर्थ बरगडी, त्यावरून बाजू. दुसऱ्याचा अर्थ संबंध. राज्यकारभारातील फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द यावे म्हणून शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करविला होता. तरी तीनशे वर्षांनंतर, १ मे १९८१ रोजी, जालना निराळा झाला तो 'जिल्हा' ह्याच नावाने. पुणेकरांचेही ह्या शब्दांवाचून चालत नाही.

प्रश्न २. बाजारातील कोणत्या वस्तूंची नावे जहाजातून आली?

उत्तर. पाव, बटाटा, कोबी, काजू, अननस. तसेच चावी, घमेले, बिजागरी, फीत. हे शब्द पोर्तुगीजांनी आणिले. वास्को द गामा १४९८ साली कालिकतजवळ उतरला, तेव्हापासून त्यांची जहाजे येऊ लागली. 'काजू' व 'अननस' हे शब्द त्यांचेही नव्हेत. ते दक्षिण अमेरिकेतील मूळ रहिवाशांचे होत. मिरचीची गोष्ट उलट आहे. तिचे झाड अमेरिकेचे, पण नाव संस्कृत 'मरिच' म्हणजे मिरे ह्यावरून पडलेले. यास्तव वस्तू कोठली आणि तिचे नाव कोठले, हे दोन वेगळे प्रश्न समजावेत.

प्रश्न ३. समुद्रकाठचे कोळी ज्यास 'नाखवा' म्हणतात तो कोण?

उत्तर. गलबताचा धनी. मूळ फारसी शब्द 'नाखुदा'. त्यात 'नाव' म्हणजे जहाज व 'खुदा' म्हणजे धनी. ही फारसी 'नाव' व संस्कृत 'नौ' एकाच कुळातील आहेत. शिवाजी महाराजांच्या ज्या आरमाराचा आपणांस अभिमान वाटतो, तो 'आरमार' शब्दही पोर्तुगीज 'आर्मादा' ह्याचे मराठी रूप होय.

प्रश्न ४. इंग्रज मनुष्याने मराठीत पुराण रचिले काय?

उत्तर. होय. थॉमस स्टीफन्स हे रोमन मताचे पाद्री १५७९ साली लिस्बनहून जहाजाने गोव्यास आले, येथील भाषा शिकले, आणि ओवीबद्ध क्रिस्तपुराण लिहिले. ते १६१६ साली गोव्यात, राशोल येथे, रोमन लिपीत छापले गेले. 'पाद्री' हा शब्दही पोर्तुगीज असून त्याचा अर्थ पिता असा आहे.

प्रश्न ५. ग्रंथाप्रमाणे चित्रपटही परदेशातून आला काय?

उत्तर. यंत्र आले. फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात दाखविली गेली. 'सिनेमा' ह्या शब्दाच्या मुळाशी गती ह्या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. पुढे १९१० च्या सुमारास दादासाहेब फाळके ह्यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला, आणि आपल्या पुराणकथा अशाच पडद्यावर आणाव्या असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ पासून मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात दाखविण्यात आला. यंत्र फ्रान्सचे, नाव ग्रीक, कथा आपली. तथापि लोकांनी तो आपलाच मानिला.

प्रश्न ६. आपण केवळ घेतलेच, की काही दिलेही?

उत्तर. दिलेही. मुंगसास इंग्रजीत 'मॉन्गूस' म्हणतात, तो शब्द मराठीतून गेला. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने १८९४ सालच्या 'जंगल बुक' ग्रंथात रिक्की-टिक्की-टावी ह्या मुंगसाची गोष्ट लिहून त्यास जगभर नेले. सागास इंग्रजीत 'टीक' म्हणतात, तो शब्द मल्याळी. त्याच सागाचे 'ट्रिंकोमाली' नावाचे लढाऊ जहाज मुंबईच्या वाडिया कारागिरांनी १८१७ साली बांधिले. ते इंग्लंडात हार्टलपूल येथे अद्यापि पाण्यावर तरंगत आहे.

प्रश्न ७. 'बॉम्बे' म्हणजे पोर्तुगीज भाषेत चांगले बंदर, असे सांगतात. ते खरे काय?

उत्तर. पारखून पाहू. पोर्तुगीज भाषेत 'बोम' हे पुल्लिंगी विशेषण आहे, आणि उपसागर ह्या अर्थाचा 'बाइया' हा शब्द स्त्रीलिंगी. त्यापूर्वी 'बोआ' यावयास हवे. म्हणून ही व्युत्पत्ती टिकत नाही. नाव मुंबादेवीवरून आले, असेच मानणे योग्य. ऐकण्यास गोड लागली म्हणून कोणतीही व्युत्पत्ती खरी मानू नये.

शब्दाचे मूळ पाहावयाचे असल्यास मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडावा. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. पुष्कळ शब्दांपुढे मूळ भाषेची खूण त्यात दिलेली आहे. वर्गातील प्रत्येकाने आपल्या घरातील दहा वस्तूंची नावे लिहून आणावी, व कोणते नाव कोठून आले ते सर्वांनी मिळून शोधावे.

असा शोध केल्यावर, "तुझे शब्द परके," असे कोणी म्हटले तर मुलाने मान खाली घालू नये. रागावूही नये. हसणाऱ्याच्या हातातील पाव आणि खिशातील चावी ह्यांची हकीकत त्यास नम्रपणे सांगावी. भाषा नदीसारखी आहे. गोदावरीस किती ओढे मिळाले हे विचारून कोणी तिचे पाणी टाकून देत नाही.