ऐतिहासिक तोटा

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करून पोट भरतो त्याला आता पंचवीस वर्षे होत आली. घर अमरावतीत, निम्मी कामे अकोल्याची. जुन्या गॅझेटियरचे उतारे, पतसंस्थांचे अहवाल, किल्ल्यांच्या माहितीपत्रिका, जे येईल ते. एवढ्या वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा तोंडघशी पाडणारा शब्द काही अवघड नव्हता. तो होता ‘ऐतिहासिक’. ठेचा खाऊन जे कळले ते असे.

१. आधी विचारावे, काळ सांगायचा आहे की मोल?

इंग्रजीत दोन शब्द आहेत. ‘हिस्टॉरिकल’ म्हणजे गेलेल्या काळाचा, इतिहासाशी संबंध असलेला. ‘हिस्टॉरिक’ म्हणजे इतिहासात नोंद व्हावी एवढ्या तोलामोलाचा. आपण दोघांनाही ‘ऐतिहासिक’च्या एकाच खुंटीला टांगतो.

अकोल्याच्या एका पतसंस्थेचा अहवाल माझ्याकडे आला होता. त्यात ‘हिस्टॉरिकल लॉसेस’ असे शब्द होते. रात्री उशिरापर्यंत बसून काम उरकायचे होते. मी लिहून दिले, ‘ऐतिहासिक तोटा’. अहवाल छापला, वाटला, आमसभा भरली. मागच्या रांगेतून एक म्हातारे सभासद उठले. “ऐतिहासिक तोटा म्हंजे काय हो भाऊ? पानिपतावानी काई झालं काय?” आधी हशा पिकला आणि मग घबराट. दुसऱ्या दिवशी ठेवी काढायला लोक आले. अर्थ साधा होता: मागील वर्षांचा तोटा. सुधारलेला कागद घेऊन मी स्वतः त्या आजोबांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून वाचला. “आता समजलं. पण तोटा तं तेवढाच हाये ना?” तेवढाच होता.

२. ही अडचण एकट्या मराठीची नाही.

तरुणपणी स्वस्तात मिळणाऱ्या सोव्हिएत पुस्तकांच्या नादाने मी थोडी रशियन शिकलो होतो. तिथेही हीच गत. ‘इस्तोरीचेस्की रोमान’ म्हणजे ऐतिहासिक कादंबरी आणि ‘इस्तोरीचेस्काया पोबेदा’ म्हणजे ऐतिहासिक विजय. पहिल्यात काळ, दुसऱ्यात मोल, शब्द तोच. रशियन माणसाला इंग्रजी शिकताना या जोडीपाशी अडखळायला होते, ते आपल्यासारखेच. शिवाय त्यांचे विशेषण नामाच्या लिंगवचनाप्रमाणे आणि विभक्तीप्रमाणे शेपूट बदलते. आपले ‘ऐतिहासिक’ वाडा, इमारत, गाव सगळ्यांपुढे एकाच रूपात उभे राहते, तेवढी आपली सुटका. गंमत म्हणजे रशियनमध्ये ‘इस्तोरीया’ म्हणजे इतिहास आणि गोष्टही. आपल्याकडे गोष्टीला इतिहास म्हटले तर भांडण होते. इतिहासाला गोष्ट म्हटले तर मोर्चा निघतो.

३. विशेषण गाळून पाहावे.

हा धडा मला गॅझेटियरने दिला. लायलने संपादित केलेले वऱ्हाडचे गॅझेटियर १८७० सालचे. त्यानंतरच्या जिल्हा गॅझेटियरांतले उतारे करताना मी सुरुवातीला ‘ऐतिहासिक नाव’, ‘ऐतिहासिक सीमा’, ‘ऐतिहासिक भाव’ असे धडाधड लिहीत गेलो. वाचणाऱ्याला वाटावे, एलिचपूर हे नाव कोणी तलवार गाजवून मिळवले. ते अचलपूरचे फक्त पूर्वीचे नाव. ‘ऐतिहासिक सीमा’ म्हणजे तेव्हाच्या सीमा. इमादशाहीतला वऱ्हाड आणि १८५३ साली निजामाने कंपनीच्या ताब्यात दिलेला वऱ्हाड एकच नव्हे, मग कोणत्या काळच्या सीमा ते सरळ लिहावे. कापसाचेही तसेच. मुंबईच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला ‘ऊमरा’ म्हणत, ते अमरावतीच्या नावावरून. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि इकडे भाव चढले. ती तेजी खरोखर ऐतिहासिक. त्याआधीच्या वीस वर्षांचे भाव मात्र फक्त जुने भाव.

‘पूर्वीचा’, ‘त्या काळचा’, ‘मागील’, ‘जुन्या नोंदींतला’, ‘इतिहासकालीन’, ‘इतिहासप्रसिद्ध’. एवढी माणसे घरात असताना एकट्या ‘ऐतिहासिक’लाच का राबवायचे? डॉक्टर ‘हिस्ट्री’ विचारतात तेव्हा वऱ्हाडात कोणी ‘ऐतिहासिक आजार’ सांगत नाही. “घरात कोणाले साखर हाये काय?” एवढ्यात काम होते.

४. मोल म्हणून वापरायचा असेल तर तारीख मागावी.

अमरावतीच्या सायन्सकोर मैदानावरची प्रत्येक सभा दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ऐतिहासिक असते. मी हिशेब सोपा ठेवला आहे: कोणती तारीख, आणि त्यानंतर काय बदलले? १८९७ साली अमरावतीत शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे तेरावे अधिवेशन भरले. ती सभा या कसोटीला उतरते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा दिला, तो निर्णय ऐतिहासिक म्हणायला माझी हरकत नाही. ज्या रिद्धपुरात महानुभावांनी मराठी गद्य घडवले ते आमच्याच जिल्ह्यात. पण रिद्धपूर ऐतिहासिक आहे ते वेगळ्या अर्थाने. एकाच परिच्छेदात दोन्ही ‘ऐतिहासिक’ आले तर मी एक हमखास बदलतो.

५. कोणाच्या दृष्टीने, हेही पाहावे.

अकोला जिल्ह्यातल्या अडगावची लढाई २९ नोव्हेंबर १८०३ ला झाली. त्यानंतर १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोन दिवसांनी देवगावच्या तहावर भोसल्यांना सही करावी लागली. इंग्रज लेखक भोसल्यांवरच्या या विजयाला बेधडक ‘हिस्टॉरिक’ म्हणतो. मी ‘ऐतिहासिक विजय’ लिहिले तर त्याची पगडी माझ्या डोक्यावर बसते. म्हणून ‘इंग्रजांचा निर्णायक विजय’ लिहितो. विदर्भाने संयुक्त महाराष्ट्रात यावे म्हणून झालेल्या ८ ऑगस्ट १९४७ च्या अकोला कराराचेही तेच. संयुक्त महाराष्ट्रवाल्याला तो ऐतिहासिक, वेगळ्या विदर्भवाल्याला मोडलेला शब्द. भाषांतरकाराने ‘अकोला करार’ लिहावे आणि पुढे जावे.

६. शुद्धलेखनाचे एकच: ‘इतिहासिक’ नाही, ‘ऐतिहासीक’ नाही. पाट्यांवर दोन्ही दिसतात.

७. शकुंतला.

मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळला आणि दुसरीकडे अचलपूरला जाणारी नॅरोगेज गाडी, कापसासाठी घातलेली. तिला वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ओढत होते. तिच्यावरचा एक मजकूर गेल्या वर्षी माझ्याकडे आला, त्यात ‘हिस्टॉरिक रेल्वे’ होते. इथे मोल अभिप्रेत आहे, तेव्हा ‘ऐतिहासिक रेल्वे’ अगदी बरोबर. मूर्तिजापूरच्या एका ओळखीच्या दुकानदाराला तो मसुदा वाचून दाखवला. तो म्हणाला, “ऐतिहासिक नोका लिहू भाऊ. तसं लिहिलं का मंग गाडी बंद झाली असंच वाटते लोकाले.”

गाडी बंदच आहे. मी शब्द तसाच ठेवला.