किल्ली लावण्याआधी एक फेरी

पोरी, गाडीचे पेढे पोचले. फोटोही पाहिला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. आता मामाचं थोडं ऐक. ३४ वर्षं मी एसटीच्या आगारात मेकॅनिक होतो. आमच्याकडे बस बाहेर काढण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारायची शिस्त होती. जुने ड्रायव्हर ती देवळातल्या प्रदक्षिणेइतकी मनापासून पाळत. तुला शंभर गोष्टी सांगेन, पण लक्षात एवढी एकच ठेव: रोज सकाळी किल्ली लावण्याआधी गाडीभोवती एक फेरी.

अर्धं मिनिट लागतं. टायर बसलाय का, खाली तेलाचा डाग आहे का, दाराच्या कुलपाजवळ नवा ओरखडा आहे का, नंबर प्लेट जागेवर आहे का, एवढंच पाहायचं. बिघाड आणि चोर, दोघांनाही दुर्लक्ष झालेली गाडी हवी असते. धुळीने माखलेली, पंधरा दिवस जागची न हललेली गाडी दिसली की चोराला कळतं, ही गेल्याचं मालकाला चार दिवस कळणार नाही.

माझी स्वतःची गाडी कशी गेली ते तुला माहीत नाही. डेअरीसमोर इंजिन चालू ठेवून उतरलो, दुधाच्या दोन पिशव्या घेतल्या, वळलो तर गाडी नव्हती. किल्ली गाडीतच होती म्हणून विमा कंपनीने दावा नाकारला. कर्जाचे हप्ते मात्र मी पुढे दोन वर्षं भरले. म्हणून सांगतो, वडापाव घ्यायला उतर नाहीतर सोसायटीचं गेट उघडायला उतर, इंजिन बंद आणि किल्ली मुठीत.

रिमोट दाबला की लगेच चालायला लागू नकोस. दाराचं हँडल एकदा ओढून बघ. रिमोटचा सिग्नल अडवणारी यंत्रं चोरांकडे असतात. आपल्याला वाटतं कुलूप लागलं, आणि दार उघडंच राहतं.

तुझी गाडी बटणावर सुरू होणारी आहे. तिची किल्ली गाडीने विचारलं की आपोआप बारीक सिग्नल देते. दारामागच्या खुंटीवर किल्ली टांगलेली असेल, तर एक जण दाराबाहेर यंत्र धरून तो सिग्नल उचलतो आणि दुसरा खाली गाडी उघडतो. उपाय घरातच आहे: घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. किल्ली त्यात घालून डबा गाडीजवळ ने आणि दार उघडतंय का बघ. उघडलं तर डबा बदल.

चोराला सगळ्यात जास्त भीती वेळ जाण्याची. म्हणून स्टीअरिंगला बाहेरून दिसणारा दांड्याचा लॉक लाव आणि जमल्यास गिअर लॉकही बसवून घे. जीपीएस ट्रॅकर लावणार असशील तर तो कुठे बसवलाय ते घरच्यांपलीकडे कुणाला सांगू नकोस. गाडी रस्त्यावर लावावीच लागली तर दिव्याखाली लाव, पुढची चाकं फुटपाथकडे वळवून ठेव. चोरी अख्ख्या गाडीचीच होते असंही नाही. ईको व्हॅनवाल्यांना विचार, त्यांचे नुसते सायलेन्सर काढून नेतात, कारण आतल्या कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे महागडे धातू असतात.

सिग्नलला कुणी काचेवर टकटक करून म्हणालं, 'ताई, ऑइल गळतंय', तर तिथे उतरू नकोस. सरळ पेट्रोल पंपावर जा आणि मग बघ. या युक्तीने मागच्या सीटवरच्या कितीतरी बॅगा गेल्या आहेत. लॅपटॉप, पर्स सीटवर ठेवूच नये.

आता कागद. थर्ड पार्टी विमा कायद्याने लागतो, पण त्यात चोरीची भरपाई नसते. त्यासाठी पूर्ण विमाच हवा. दावा करताना कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते, म्हणून दुसरी किल्ली घरात जपून ठेव. गॅरेजला एकच दे, तीही घराच्या किल्ल्या काढून. आरसी बुक गाडीत ठेवू नकोस. पोलिसांना दाखवायला डिजिलॉकर चालतं. चॅसी नंबर आणि इंजिन नंबर वहीत लिहून ठेव. देव न करो, गाडी गेलीच, तर ११२ ला फोन, लगेच एफआयआर आणि त्याच दिवशी विमा कंपनीला कळवणं. फास्टॅग घाईने बंद करू नकोस. टोल कापल्याचा मेसेज आला तर नाका आणि वेळ पोलिसांना सांग. गाडी कुठल्या दिशेला गेली ते त्यातून कळतं.

गाडीच्या तब्येतीचं म्हणशील तर टायरपासून सुरुवात कर. हवा महिन्यातून दोनदा, टायर थंड असताना तपास. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो, पंपावरच्या पोराला अंदाजाने भरू देऊ नकोस. स्टेपनीची हवा सगळे विसरतात, तू विसरू नकोस. नक्षीच्या खाचांत बारीक आडवे उंचवटे असतात. झीज तिथवर आली, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, की टायर बदलायचाच. पावसात गोटा टायर ब्रेकला दाद देत नाही.

इंजिन ऑइल सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी तपास. पट्टीवरच्या दोन खुणांच्या मध्ये असावं. दुधासारखं पांढुरकं दिसलं तर आत पाणी शिरलंय, गाडी चालवू नकोस. इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आगारात भाजलेले हात मी पाहिले आहेत. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड जमली तर साफ करून घे आणि वर व्हॅसलीनचा हात फिरव.

मृगाच्या आधी वायपरचे रबर बदल. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली ऊब शोधतात आणि वायरी कुरतडतात, म्हणून कचराकुंडीजवळ गाडी लावू नकोस. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि साध्या विम्यात तो खर्च बहुधा मिळत नाही. ढकलून बाजूला घ्यायची, टो करून न्यायची. पाणी चढायला लागलं तर गाडीचा विचारच सोड. आधी काच खाली घे, पट्टा काढ, बाहेर पड. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा बंद गाड्यांत गुदमरून माणसं गेली. गाडी पुन्हा घेता येते, पोरी.

हे सगळं एका दिवसात अंगवळणी पडणार नाही. उद्या सकाळी फक्त फेरी मार. आणि काय दिसलं ते संध्याकाळी मला फोन करून सांग, काहीच दिसलं नाही तरी सांग.