शाळेच्या बागेचे बारा महिने

शाळेचे वर्ष जूनच्या मध्यास सुरू होते व मे महिन्याच्या सुट्टीत विसावते. बागेस अशी सुट्टी नसते. पावसाळ्यात उत्साहाने लावलेली बाग पुढील जूनमध्ये वाळलेल्या काटक्यांच्या रूपाने मुलांसमोर येते, तेव्हा दोष बहुधा बियाण्याचा नसून आखणीचा असतो. १९३७ साली वर्धा येथे मांडल्या गेलेल्या मूलोद्योग शिक्षणाच्या विचारात हातचे काम व ज्ञान यांची सांगड होती. दरवर्षी उन्हाळ्यात मरणारी बाग त्यातील अर्धेच शिकविते. यास्तव जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील शाळांनी बागेची आखणी मे महिन्यापासून मागे मोजीत करणे इष्ट होय.

हे दोन्ही तालुके पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर व पूर्वेस अवर्षणाच्या पट्ट्यात टेकलेले आहेत. घाटघर, आहुपे, भीमाशंकर या बाजूस पाऊस इतका कोसळतो की सपाट वाफ्यात टाकलेले बी कुजून जाते. तेथे वीतभर उंचीचे गादीवाफे करून कडेने चर काढावेत व काकडी, दोडका यांचे वेल मांडवावर चढवावेत. उलट आणे पठार किंवा धामणी-लोणी भागात वाफा जमिनीपेक्षा किंचित खोल ठेवावा, म्हणजे पडलेली सर तेथेच मुरते. नारायणगाव-मंचर पट्ट्यात कालव्याचे व विहिरीचे पाणी असल्याने शाळेस फारशी अडचण पडत नाही. एका गावची रीत दुसऱ्या गावी जशीच्या तशी चालत नाही, हे शिक्षकांनी प्रथम ध्यानी घ्यावे.

मृगाच्या सरी पडताच भेंडी, गवार, चवळी व वेलभाज्या लावाव्यात. याच सुमारास कडुनिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या मुलांकडून वेचून, सावलीत वाळवून ठेवाव्यात. पुढे मावा पडला की पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी व फडक्यातून गाळून सायंकाळी फवारावी. बाजारची विषारी औषधे शाळेच्या आवारात आणूच नयेत.

कुंपणावर वालपापडीचा वेल अवश्य असावा. जूनमध्ये लावलेला गावरान वेल श्रावणात हिरवागार पसरतो, पण फुलत नाही. मुले निराश होतात व एखादा शिक्षकही तो उपटून टाकावयास निघतो. तसे करू नये. वालाच्या बहुतेक गावरान जाती दिवस लहान होऊ लागल्याखेरीज फुलत नाहीत. या भागात जूनअखेरीचा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरअखेरीचा सुमारे अकरा तासांचा असतो. सूर्योदय व सूर्यास्ताच्या वेळा पंचांगातून उतरवून घेऊन त्यांशेजारी पहिल्या फुलाची तारीख मुलांनी लिहावी. भूगोलाचा तो धडा पुस्तकापेक्षा अधिक पक्का बसतो. सुधारित जातींना हा नियम लागू पडतोच असे नाही. म्हणून बी गावातील जुन्या घरातूनच मागून आणावे.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर पेरावी. मेथी महिन्याभरात निघते, मुळा दीड महिन्यात. या भाज्या शालेय पोषण आहाराच्या खिचडीत सहज जातात. वांगी व टोमॅटोची रोपे मात्र उशिरा लावू नयेत. मार्चअखेर जे पीक हाती येणार नाही, ते शाळेने धरूच नये.

खरी कसोटी पुढेच आहे. ज्या पश्चिम भागात आषाढात पाणी आवरत नाही, तेथील अनेक वाड्यांवर वैशाखात पिण्याचे पाणीही दुरून डोक्यावर आणावे लागते. अशा ठिकाणी बागेसाठी मुलांकडून हंडे वाहवणे सर्वथा गैर होय. तेथे एप्रिलपूर्वी भाजीचे वाफे मोकळे करावेत, जमीन पालापाचोळ्याने झाकून ठेवावी व केवळ मोजकी झाडे राखावीत. शेवगा, कढीपत्ता, लिंबू यांची दोन-चार रोपे पुरेशी आहेत. पंचवीस लावून वीस मारण्यात काय साधते?

रोपास पहिले दोन-तीन उन्हाळे जपावे लागते. त्याच्या आळ्यात झिरपणारे मडके गळ्यापर्यंत पुरावे, भरावे व तोंडावर झाकण ठेवावे, म्हणजे डास होत नाहीत व पाणी वाफ होऊन उडत नाही. ते थेट मुळांशी हळूहळू झिरपते. शाळा चालू असेपर्यंत जेवणापूर्वी हात धुण्याचे पाणी चरातून केळी व अळवाकडे वळवावे. सुट्टीत मडकी भरण्याचे काम शाळेलगतच्या घरांतील मुलांच्या जोड्यांना आठवड्यावार, पालकांच्या संमतीने वाटून द्यावे. पाळीचा तक्ता सुट्टी लागण्यापूर्वीच फळ्याशेजारी लावावा. वाळलेल्या शेंगांचे बी राखेत घोळून बाटलीत भरावे व बाटलीवर वाणाचे नाव, वर्ष आणि ज्या घरून मूळ बी आले त्या घराचे नाव लिहावे. जूनमध्ये नव्या पहिलीच्या मुलांच्या हाती प्रथम तीच बाटली द्यावी.